रंकाळा साडेचारचा आणि पावणेसहाचा

पत्र चार पानी आहे, शाईच्या पेनानं लिहिलेलं. त्यातलं कामाचं तेवढं इथं देते.

"माझं वय छत्तीस. बँकेत आहे. दीड वर्षापूर्वी लातूरहून कोल्हापूरला बदली झाली, राहायला साने गुरुजी वसाहतीत. दिवाळीपासून पळायला लागले. आधी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गोल गोल, मग गल्लीत. आता न थांबता पाच किलोमीटर होतात, एकोणचाळीस मिनिटं लागतात. दहा करायचे आहेत आणि एखाद्या शर्यतीत उतरायचं आहे. पण पळू कुठं? जानेवारीत एकदा पहाटे पाचला राधानगरी रोडला गेले, तर उसाच्या ट्रॉलीमुळं पार गटाराच्या कडेला सरकावं लागलं, आणि परतताना दुचाकीवरची दोन पोरं क्रशर चौकापर्यंत मागं मागं आली. घरी सांगितलं, ते महागात पडलं. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं अंधारात जायचंच कशाला. नवरा म्हणतो, ट्रेडमिल घेऊ. मला ट्रेडमिल नको. बाईला बिनधास्त पळता येईल असा रस्ता कोल्हापुरात कुठला, आणि इथल्या शर्यती शोधायच्या कशा, एवढं सांगा. — पळकुटी"

पळकुटीताई,

तिसऱ्या पानावर तुम्ही 'मी रोज पळतो' लिहिलंय आणि मग 'तो' खोडून वर 'ते' काढलंय. खोडायची गरज नव्हती. आमच्याकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. मीही घरात तशीच बोलते, छापून येणार म्हणून इथं शिस्तीत लिहितेय. दीड वर्षात बोली इतकी मुरली असेल तर बाकीचं गावही मुरेल.

ट्रेडमिलचं आधी मिटवते. घेऊ नका. यंत्र वाईट असतं म्हणून नव्हे, तुम्हाला ते नकोय म्हणून. मनाविरुद्ध घरात आलेल्या ट्रेडमिलवर सहाव्या महिन्यात टॉवेल वाळत घालतात. आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेलाय.

आता रस्ता. तुम्ही रस्त्याचं नाव विचारलंत, पण मी तुम्हाला आधी घड्याळ बघायला सांगणार आहे. पहाटे साडेचारचा रंकाळा तलाव आणि पावणेसहाचा रंकाळा ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. साडेचारला चौपाटीच्या कठड्यावर रात्रीचे उरलेले दोघं-तिघं असतात, भेळेच्या गाड्या लागतात तिथं कागदांत तोंड घालून कुत्री फिरत असतात, आणि समोरून येणारा माणूस चालायला आलाय की आणखी कशाला, ते जवळ येईपर्यंत कळत नाही. पावणेसहाला त्याच कठड्याला पाय टेकवून चार आजोबा पोटऱ्या ताणत असतात. स्वेटरवर पदर खोचलेल्या बायकांचे घोळके निघालेले असतात, चहावाल्याचा स्टोव्ह फुरफुरत असतो, आणि तालमीतली पोरं धाडधाड पाय आपटत बाजूनं जातात. सव्वा तासाचा फरक. पण दुसऱ्या रंकाळ्यावर कुणी तुमच्या मागं लागलं, तर निदान वीसजणांच्या डोळ्यांदेखत लागेल.

तुम्ही जानेवारीत पाचला निघालात. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या पुढं वर येतो, म्हणजे पाचला उजाडायला दोन तास होते. मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो, तेव्हा पाचला पूर्वेकडं फटफटायला लागलेलं असतं. घड्याळात दोन्ही पाचच. म्हणून मी आकड्यावर न जाता सूर्योदयावर जाते. एकटी असेन तर सूर्य उगवायच्या फार तर पाऊण तास आधी घर सोडते, त्याआधी नाही. बँक दहाला उघडते ना? मग हिवाळ्यात सव्वासहाला निघूनही सगळं बसतं. डब्याचं काय ते नवऱ्याशी ठरवा. ट्रेडमिलचे पैसे वाचवून दिलेत त्यांचे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. पाचला निघालात म्हणून ती पोरं मागं आली असं कुणी म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. पोरं मागं आली ती पोरांच्या करणीनं. वेळ बदलायची ती आपल्याला निवांत पळता यावं म्हणून. आपली चूक होती म्हणून नव्हे.

राधानगरी रोडचं म्हणाल, तर उसाच्या हंगामात तो रस्ता मी सोडून देते. नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत त्या रस्त्यानं परित्याच्या भोगावती कारखान्याकडं ऊस चाललेला असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टेपचे कर्णे. त्याला तुमची हाक सोडा, मागच्या एसटीचा हॉर्न ऐकू जात नाही. बरं, पहिली ट्रॉली चुकवून तुम्ही रस्त्यावर परत येता, तर दुसरी थोडी तिरकी चाललेली असते. चार वर्षांपूर्वी मी वाशी नाक्याच्या अलीकडं अशीच बाजूला झाले आणि खाली पडलेल्या उसाच्या कांडक्यावर पाय पडला. कांडकं गोल, पाय आत वळला, घोटा टोमॅटोसारखा फुगला. दीड महिना घरात बसून गुळाचा चहा प्याले आणि उसावर राग धरला. हीच गत फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रोडला आणि राजाराम कारखान्यामुळं कसबा बावड्याच्या बाजूला. आता मार्च सुरू झालाय, पट्टा पडत आलाय, म्हणजे हंगाम संपत आलाय. एप्रिलपासून हे रस्ते जरा मोकळे होतील, पण तोवर तुमचा जीव रंकाळ्यावर रमलेला असेल.

तुमच्या घरापासून रंकाळा तसा हाकेच्या अंतरावर. क्रशर चौकातून अंबाई टँकच्या बाजूनं उतरलात की आलंच. तळ्याची पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटरची भरते. घरून जाणं-येणं धरून दोन फेऱ्या केल्यात की दहाचा आकडा ओलांडता, म्हणजे तुमची शर्यत दाराशीच आहे. पण सुरुवातीला पूर्ण फेरी घालू नका. शालिनी पॅलेसच्या बाजूला वर्दळ पातळ होते, झाडांमुळं अंधारही जास्त रेंगाळतो. नीट उजाडेपर्यंत चौपाटी ते पदपथ उद्यान एवढ्याच पट्ट्यात ये-जा करा, आणि माणसांचे चेहरे दिसायला लागले की फेरीला सुटा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण पार्किंगमध्ये गोल गोल फिरलेल्या बाईनं मला कंटाळ्याचं सांगू नये.

संध्याकाळी मात्र रंकाळ्याचं नाव काढू नका. भेळ, फुगे, घोडे, सेल्फी. पळायला जाल आणि रगडा खाऊन याल.

दुसरी जागा संभाजीनगरातलं विभागीय क्रीडा संकुल, रेसकोर्स नाक्याजवळ. तुमच्या घरापासून गाडीवर दहा मिनिटं. तिथं चारशे मीटरचा ट्रॅक आहे. नव्या माणसाला ट्रॅकवर जायला संकोच वाटतो, कारण तिथं पोलीस भरतीची पोरं-पोरी वाऱ्यासारखी सुटलेली असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि त्या धावण्याचे वीस गुण. म्हणजे एकेका सेकंदासाठी त्यांचा जीव चाललेला असतो. त्यांच्या वाटेत येऊ नये एवढाच तिथला शिष्टाचार. सगळ्यात आतली लेन वेगानं पळणाऱ्यांची. आपण बाहेरच्या बाजूनं पळायचं, आणि सगळे ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं. मागून कुणी 'ट्रॅक!' असं ओरडलं तर दचकायचं नाही, शिवी नाही ती, फक्त बाजूला व्हायचं. एक हिशेब लक्षात ठेवा. आतल्या लेनमध्ये पंचवीस फेऱ्या म्हणजे बरोबर दहा किलोमीटर. आठव्या लेनमधून पळालात तर एक फेरी चारशेची न राहता साडेचारशेच्या वर जाते. मी हे न कळता महिनाभर बाहेरच्या लेनमधून पंचवीस फेऱ्या मारत होते आणि माझं घड्याळ सव्वाअकरा किलोमीटर कसं दाखवतंय म्हणून दुकानदाराशी भांडले.

ट्रॅकचा खरा फायदा वेगळा आहे. तिथं सकाळी भरतीच्या मुली असतात. ग्रामीण भागातून आलेल्या, खोली घेऊन राहणाऱ्या, कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. पंधरा दिवस नियमित गेलात की त्या 'काकी' म्हणायला लागतील. छत्तिसाव्या वर्षी काकी म्हणवून घ्यायला जड जातं, पण एकदा काकी झालात की त्या मैदानावर तुमच्याकडं वाकडा डोळा करून बघायची कुणाची टाप नाही.

तिसरी जागा शिवाजी विद्यापीठ. तुम्हाला ते शहराच्या दुसऱ्या टोकाला पडेल, म्हणून रविवारसाठी राखा. साडेआठशे एकरांच्या वरचा परिसर, झाडी, मोर, मधोमध महाराजांचा अश्वारूढ पुतळा, आणि बाहेरच्यापेक्षा गाड्या कितीतरी कमी. चढ-उतार आहेत, त्यानं मांड्या तयार होतात. ओळखपत्र जवळ ठेवा आणि कुठल्या गेटनं कधी सोडतात ते रक्षकाला आदल्या दिवशी विचारून घ्या. पावसाळ्यात कडेच्या गवतातून पळू नका, तिथं जिवाणू फिरतात. घाबरू नका, जिवाणू म्हणजे आमच्याकडं साप. ग्रामीण भागात अंधारात सापाचं नाव घेत नाहीत.

पन्हाळ्याचं मोह घालणारं नाव तुम्ही पत्रात टाकलंय. शहरापासून वीस किलोमीटर, आणि वाघबिळापासून वर घाट. थंडीच्या सकाळी तिथून खाली धुक्याचं तळं दिसतं ते मी शब्दांत सांगत बसत नाही. पण एकटीनं नाही, आणि दहा किलोमीटर अंगवळणी पडल्याशिवाय नाही. उतारावर गुडघ्यांची परीक्षा असते, चढावर फक्त दमाची. तसंच, जोतिबाच्या वाटेनं पळायची हौस असेल तर रविवार टाळा. रविवार हा देवाचा वार, केर्लीपासून गाड्यांची रांग लागते आणि गुलालात न्हालेल्या ट्रॅक्सला ब्रेक असतात की नाही हे देवालाच ठाऊक.

पावसाळ्यात नदीकडचे रस्ते सोडायचे, म्हणजे बावडा-शिये, आंबेवाडी-चिखली या बाजूचे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. जुलैत बाजारात भाजीवालीसुद्धा 'आज किती फूट?' विचारते, तेव्हा आकडा तुम्हाला आपोआप कळेल. रंकाळ्यावर तेव्हा फरश्यांवर शेवाळ धरतं. बूट कितीही महागाचे असोत, शेवाळावर सगळे सारखेच.

नवी वाट धरायची तर एक सवय लावून घ्या. आधी ती चालून बघा. ज्या वेळेला पळणार त्याच वेळेला, आणि चालतच. दिवे कुठं बंद आहेत, चेंबरचं झाकण कुठं गायब आहे, चिकनची दुकानं कुठल्या कोपऱ्यावर आहेत, आणि स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूपबंद. हे शेवटचं पुरुष कधी सांगत नाहीत, कारण त्यांचं अडत नाही. माझ्या तर ठरलेल्या तीन जागा आहेत, त्यातली एक पेट्रोल पंपावरची.

चिकनच्या दुकानांचं एवढ्यासाठी म्हटलं की कुत्र्यांचा अड्डा तिथंच असतो. कुत्रं धावून आलं तर पळायचं बंद करा. पळणाऱ्याच्याच मागं ते लागतं. थांबायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरायचं. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की बहुतेक कुत्री मागं हटतात, दगड नसला तरी चालतं. चावलंच, नुसतं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रेबीज झाल्यावर उपाय नसतो, होण्याआधी असतो, म्हणून 'उद्या बघू' हे शब्द इथं चालत नाहीत.

आता माणसांचं. दुचाकी मागं येतेय असं दुसऱ्या वळणावरही वाटलं, तर घराकडं जाऊ नका. घर दाखवायचं नाही. उजेड आणि माणसं असतील तिथं वळा. पहाटे दूध डेऱ्या उघड्या असतात, पेपरची गठ्ठी सोडवत पोरं बसलेली असतात, चहाच्या टपऱ्या असतात. तिथं थांबून मोठ्यानं गाडीचा नंबर म्हणायचा. पोरं निम्म्या नंबरातच पसार होतात, हे अनुभवाचं सांगते. फोनवर ११२ लावायचा, कोल्हापूर पोलिसांचं निर्भया पथक आहे, त्यांच्याकडं गाडीचा नंबर द्यायचा. 'एवढ्यासाठी कशाला' असं मनात येईल. एवढ्यासाठीच.

रस्त्यावर पळताना उजव्या कडेनं पळा, म्हणजे गाड्या तोंडासमोरून येतात. कानात काही घालू नका, घातलंच तर एकाच कानात. निघताना व्हॉट्सॲपवर तासाभरासाठी लाइव्ह लोकेशन घरात टाकून जा. आणि पळण्याची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये घराचा पत्ता झाकायची सोय आहे, ती आजच लावा. नाहीतर रोज कितीला, कुठल्या दारातून निघता याचा नकाशा आपणच जगाला काढून देत असतो. त्याच स्ट्राव्हाचा एक उपयोगही आहे. शहरातले लोक कुठून जास्त पळतात ते त्यात ठळक रेषांनी दिसतं. आपल्या रंकाळ्याभोवती केवढी जाड रेघ उमटते ते बघाच.

सासूबाई. तुम्हाला वाटतं हा सगळ्यात अवघड रस्ता, मला वाटतं सगळ्यात सोपा. नवरात्रात त्या अंबाबाईला पहाटे जातात का, ते विचारा. कोल्हापुरातल्या त्यांच्या वयाच्या बायका जातात, अनवाणी जातात, उजाडायच्या आधी महाद्वारात रांगेत असतात. तेव्हा अंधार असतोच की, पण रस्ताभर बायका असतात म्हणून कुणाला अंधाराची आठवण होत नाही. हेच त्यांना सांगायचं, वाद न घालता, आणि 'तुम्हीही सोबत चला' म्हणायचं. तुम्ही दोन फेऱ्या पळा, त्या पदपथ उद्यानात चालून बाकावर बसतील. पंधरा दिवसांत त्यांच्या चार मैत्रिणी होतील आणि मग तुम्हाला उशीर झाला तर त्याच दारात चपला घालून उभ्या राहतील. माझ्या सासूबाई अशाच आल्या होत्या, मला राखायला म्हणून. पुढं सात वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. मी चुकवले.

शर्यतींकडं वळू. आमच्याकडं तीन किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात, त्यावर चिडू नका. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन पळून एकोणिसावे आले होते. तेव्हा हे वेड या भागाला शंभर वर्षांचं जुनं आहे, आज टी-शर्टबरोबर आलेलं नाही.

मोठ्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोल्हापुरात लोकमत महामॅरेथॉन होते, तीत तीन, पाच, दहा आणि एकवीस किलोमीटर असे गट असतात. राजाराम तलावावर बर्गमन ट्रायथलॉन होते. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात. ती तुम्हाला आत्ता करायची नाही, पण एकदा नुसती बघायला जा. पन्नाशीतल्या बायका तलावातून बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर टांग मारतात ते बघितलं की दहा किलोमीटरची भीती निम्मी होते. दोन-अडीच तासांच्या प्रवासावर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आहे, २०१२ पासूनची. यवतेश्वरच्या घाटानं चढायचं आणि त्याच घाटानं उतरायचं. तिची नोंदणी भराभर संपते, आणि ती पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या वर्षाची गोष्ट. तारखा टाउनस्क्रिप्ट आणि इंडिया रनिंग या संकेतस्थळांवर शहराचं नाव टाकून शोधता येतात. तरी सगळ्यात पक्की बातमी रविवारी सकाळी रंकाळ्यावर मिळते. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेला घोळका दिसला की थांबवून विचारायचं. अशा गटात सामील होण्याआधी एकच प्रश्न विचारा: सगळ्यात शेवटी पळणाऱ्याबरोबर कोण असतं? उत्तर लगेच आलं तर गट चांगला. 'आम्ही सगळे सोबतच असतो' असं म्हणाले तर समजा, शेवटचा माणूस एकटाच असतो.

नोंदणीचे पैसे भरण्याआधी माहितीपत्रक नीट वाचा. पदकाचा फोटो, पाहुणे कलाकार, झुंबा हे सगळं वगळून वाचा. पाणी किती किलोमीटरला आहे, रुग्णवाहिका आहे का, रस्ता गाड्यांना बंद असणार का, वेळ चिपनं मोजणार की हातातल्या घड्याळानं, आणि दहा किलोमीटरला कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची वेळ, किती. काही वर्षांपूर्वी मी एका शर्यतीत नाव घातलं होतं, कुठल्या ते सांगत नाही. सातव्या किलोमीटरच्या टेबलावर पोचले तर रिकामे ग्लास आणि एक लाजलेला पोरगा. 'काकू, पुढच्यांनी संपवलं,' म्हणाला. पुढच्यांनी डोक्यावर ओतलं होतं, मागच्यांना प्यायला नव्हतं. वर शर्यत साडेनऊ किलोमीटरचीच भरली. त्या दिवशी माझी सर्वोत्तम वेळ लागली म्हणून मी घरी पेढे वाटले होते, ही गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. तेव्हापासून शर्यतीत कमरेला अर्धा लिटर पाणी माझं माझं असतं.

त्याआधी सराव म्हणून तरुण मंडळांच्या, ग्रामपंचायतींच्या शर्यती बघा. २६ जानेवारी, शिवजयंती, २६ जूनची शाहू जयंती, अशा दिवशी आसपास कुठं ना कुठं काहीतरी असतंच. अंतर अंदाजपंचे, चिप नाही, शिट्टी वाजली की अनवाणी पोरं गोळीसारखी सुटतात आणि पाचशे मीटरवर पोट धरून बसतात. तुम्ही मागून शांतपणे त्यांना ओलांडून जायचं. कधीकधी पळणारी एकच बाई असते आणि मग महिला गटाचा पहिला नंबर आपोआप येतो. माझ्याकडं अशी एक ढाल आहे, स्टीलच्या तांब्यासकट.

दहा किलोमीटर गाठायला तुमच्याकडं नोव्हेंबरपर्यंत भरपूर वेळ आहे, घाई नको. आठवड्यातून तीन दिवस पळा, रविवारचं लांब पळणं एकेक किलोमीटरनं वाढवा, दर चौथ्या आठवड्याला पुन्हा कमी करा. वेग इतकाच ठेवा की पळता पळता 'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा' एवढं वाक्य न तुटता म्हणता यावं. पाचाला एकोणचाळीस मिनिटं म्हणजे दहाला दुप्पट करून वर आणखी तीन-चार. सव्वा तासाच्या पुढं आणि दीड तासाच्या आत. कटऑफ दीड तास असला तरी आरामात बसता.

येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन या. फेरी झाली की गंगावेशीत जा, तिथं कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लासात दूध देतात, वर फेस तरंगत असतो. सासूबाईंना आवडेल. मला कच्चं पचत नाही, मी शेजारी चहा घेते. आणि पुढच्या पत्रात खाडाखोड नको.